खुंटीवरचं हेल्मेट

मैत्रिणींनो, छत्तिसाव्या वर्षी मी मोटारसायकल चालवायला शिकले. स्कूटी नव्हे हं, चांगली गिअरची, शंभर सी.सी.ची मोटारसायकल! आमच्या गल्लीत पहिले चार दिवस याच विषयावर चर्चा होती. समोरच्या आजींनी तर दारात उभं राहून विचारलं, "अगं, हे घरी नाहीत का?" जणू हे घरात असते तर मी गाडीला हात लावलाच नसता!

हौस म्हणून शिकले असं मात्र मुळीच नाही. नगरपासून सोळा किलोमीटरवर, राहुरीच्या रस्त्याला, एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते. तासिकांवर पगार. शाळा साडेअकराची आणि एस.टी. एकतर दहाची नाहीतर बाराची. रिक्षावाल्यांच्या मर्जीवर दोन वर्षं काढली. नवीन स्कूटी घ्यायची तर नव्वद हजारांच्या पुढची गोष्ट. इकडे हे कंपनीच्या बसने एम.आय.डी.सी.त जायला लागल्यापासून यांची मोटारसायकल दारात कापड पांघरून उभी. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर दारातलीच गाडी शिकायला हवी, एवढा साधा विचार त्यामागे होता.

तसं पाहिलं तर आम्हां नगरच्या बायकांना दुचाकी नवी नाही. लूना आठवते ना? ती आमच्या नगरचीच. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ती बाजारात आणली. माझ्या लहानपणी शाळेतल्या बाई पदर खोचून, डबा आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवून लूनावर यायच्या. पुढे १९८४ साली कायनेटिक होंडा आली, बटन दाबून चालू होणारी, बिनगिअरची, आणि बायकांची आणखी मोठी सोय झाली. पण त्या सगळ्या चित्रात एक गोष्ट मला कधीच आठवत नाही, ती म्हणजे बाईच्या डोक्यावरचं हेल्मेट.

सासूबाईंची अट

माझ्या शिकण्याला खरा विरोध झाला तो सासूबाईंचा. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या. जेवणं झाली, ओटा आवरला, तेव्हा म्हणाल्या, "मला भीती वाटते गं." का, ते मला ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी माझे चुलत दीर गेले. उसाचा हंगाम होता. रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने काही थोडे नाहीत. प्रवरानगरचा, सहकारातला पहिला मोठा कारखाना, आमच्याच जिल्ह्यातला. हंगाम सुरू झाला की रस्तोरस्ती ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा. भाऊजी घरापासून जेमतेम तीन किलोमीटरवर होते. "इथल्या इथे तर जायचंय" म्हणून गेले होते. हातापायाला फारसं लागलं नव्हतं, लागलं ते डोक्याला. आणि गाडी घेताना मिळालेलं हेल्मेट घरी खुंटीवर टांगलेलं होतं. एकदाही न घातलेलं.

ते हेल्मेट चुलत सासूबाईंनी काढलं नाही. सणावाराला आम्ही गावी जातो तेव्हा सोप्यात शिरल्याबरोबर ते दिसतं.

शेवटी सासूबाईंनी परवानगी दिली, पण अट घातली. म्हणाल्या, "आमच्या वेळी डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही असा दंडक होता. तुला दंडक एवढाच, डोकं उघडं ठेवून गाडीवर बसायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी!"

शिकाऊ परवाना काढला, पुढेमागे लाल रंगाचा 'एल' लावला, आणि कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर यांनी मला क्लच आणि गिअर शिकवला. पक्का परवाना महिन्यानंतर मिळतो. तो महिना मी एका वेगळ्याच अभ्यासात घालवला: अंगावर काय घालायचं, आणि ते कमी पैशांत कसं बसवायचं! तोच अभ्यास आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

डोकं किती उंचावरून पडतं?

"एवढं काय लांब जायचंय? आणि तू कुठे जोरात चालवणार आहेस!" हे यांचं म्हणणं. तुमच्याही घरी असंच म्हणत असतील. मी हा प्रश्न शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारला. त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशेबच मांडून दाखवला. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी अगदी उभी असताना नुसता तोल जाऊन पडलात, तरी डोकं जमिनीवर आपटताना त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर होतो. आणि ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने डोकं कशावर तरी सरळ आदळणं म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखं! हे ऐकल्यावर "हळू चालवते, मला काय होणार" हे वाक्य मी कायमचं सोडून दिलं.

केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा सांगते. २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं आपल्या देशात रस्त्यावर दगावली. त्यांतली १४,३३७ गाडी चालवत नव्हती, मागे बसलेली होती. मागे बसणारं कोण असतं हे मी सांगायला नकोच. बहुतेक वेळा आपणच की!

हेल्मेटचा उपयोग होतो हे कोणी शोधून काढलं, त्याचीही एक गोष्ट आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले इंग्रज अधिकारी १९३५ साली मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांना तपासणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. त्यांनी लष्करातल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करात स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. पुढे जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली घेतला गेला, तेव्हा दिसलं की हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. शिर सलामत तो पगडी पचास म्हणतात, ते काही उगीच नाही.

"ताई, लेडीजसाठी हे हलकं घ्या"

दुकानात गेले तर दुकानदाराने पहिल्यांदा काढली ती गुलाबी रंगाची, टोपीसारखी अर्धी कवटी. किंमत तीनशे रुपये. "ताई, लेडीजसाठी हेच चालतं. हलकं आहे, केस बिघडत नाहीत." मी आत बोट घालून पाहिलं तर पातळ स्पंज आणि त्याच्या आत सरळ प्लॅस्टिक!

बायांनो, इथेच फसायला होतं. हेल्मेटचं खरं काम बाहेरचं कवच करत नाही, आतला थर्माकोलसारखा जाड, कडक थर करतो. आंबे पेटीत पेंढ्यात घालून पाठवतात ना, तसंच. धक्का बसला की तो थर स्वतः दबतो, चुरतो, आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा दणका कमी करतो. तो थरच नसेल तर ती नुसती टोपी. पोलिसाला दाखवायला ठीक.

मी पुढच्या गोष्टी पाहून घेतल्या:

एक, आय.एस.आय.ची खूण. हेल्मेटसाठीचं भारतीय मानक आय.एस. ४१५१ हे आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय विकायला कायद्यानेच बंदी आहे. खुणेच्या वर मानकाचा आकडा आणि खाली 'सी.एम./एल.'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर 'बी.आय.एस. केअर' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक घालून पाहिला की खरं-खोटं कळतं. दुकानातच पाहा, लाजू नका. आपण भाजीवाल्याकडच्या मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहतो, मग हे का नाही?

दोन, माप. शिवणाची टेप भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती गुंडाळा. माझं माप सत्तावन्न सेंटिमीटर भरलं, म्हणजे मध्यम आकार. तरीही घालूनच घ्या. गालांना घट्ट लागलं पाहिजे. नवीन असताना थोडं दाबल्यासारखं वाटतं, पण कपाळ ठणकता कामा नये. मग डोकं डावी-उजवीकडे जोरात हलवा. हेल्मेट आणि डोकं बरोबर फिरायला हवं. शेवटची परीक्षा: पट्टा लावा आणि मागून धरून पुढच्या बाजूला उपसायचा प्रयत्न करा. निघालं तर ते आपल्या मापाचं नाही.

तीन, पूर्ण चेहऱ्याचं. हनुवटीसमोर कवच असलेलं. पडताना तोंड आणि जबडा जमिनीला लागतोच. दर्शनी काच पांढरी, स्वच्छ घ्या. काळी काच दिवसा बरी दिसते, पण संध्याकाळी तिच्यातून खड्डा दिसत नाही.

चार, पट्टा. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतपतच सैल. पट्टा न लावलेलं हेल्मेट आधी उडून जातं आणि मग माणूस पडतो.

असं हेल्मेट मला १,१५० रुपयांना मिळालं. याहून महागडी पुष्कळ आहेत, पण खूण खरी आणि माप बरोबर असेल तर एवढ्यात भागतं.

केसांचं काय, हे विचारालच. अंबाडा हेल्मेटखाली बसत नाही आणि क्लचर तर मुळीच नको. पडल्यावर तोच डोक्यात घुसतो. मानेवर सैल वेणी घाला. झुबे पर्समध्ये, कुड्या चालतात. तोंडाला ओढणी गुंडाळून वर हेल्मेट चढवायची आपल्याकडे पद्धतच आहे, पण त्याने हेल्मेट वर उचललं जातं आणि सरकतं. पातळ सुती टोपडं घाला, तेलही टिपलं जातं आणि आतलं अस्तरही स्वच्छ राहतं.

जुनं हेल्मेट आणि एक अवघड दिवस

मी गाडी शिकतेय हे कळल्यावर गावाहून चुलत सासूबाईंचा निरोप आला: "नवीन घेऊ नको, आपलं आहे ना खुंटीवर. कोरं आहे." आम्ही गेलो तेव्हा त्यांनी स्वतः ते खाली काढलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी डोक्यात घातलं. बाजूने दोन बोटं सहज आत जात होती. आतला स्पंज हाताला भुशासारखा सुटत होता.

हेल्मेट न वापरताही जुनं होतं. पट्टा कुजतो, अस्तर झिजतं, चिकटवलेलं सुटतं. साधारण पाच वर्षांनी बदला असं बनवणारेच सांगतात. दुसऱ्याचं वापरलेलं तर घेऊच नये, कारण ते आधी कधी आपटलं होतं का हे बाहेरून कळत नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या माउलीला सांगायचं कसं? मी एवढंच म्हटलं, "काकू, मला मोठं होतंय." त्या काही बोलल्या नाहीत, परत खुंटीवर अडकवलं. येताना गाडीत माझे डोळे भरून आले. पण आपल्या मापाचं नाही ते घालून त्यांचं मन राखणं हा काही त्यांच्या दुःखाचा मान नव्हे, असं मी मनाला समजावलं.

हात, पाय आणि गुडघे

माणूस पडताना आधी हात टेकतो. म्हणून हेल्मेटनंतर हातमोजे. तळव्याला चामडं किंवा जाड कापडाचा दुहेरी थर आणि मनगटाला पट्टा असलेले मोजे साडेचारशेला मिळाले. एम.आय.डी.सी.कडच्या दुकानांत कामगारांचे चामडी मोजे शे-दीडशेला मिळतात, पण ते इतके ढगळ असतात की क्लच दाबताच येत नाही. स्वस्त म्हणून घेऊन पाहिले, आता ते बागेत गुलाबाची छाटणी करायला वापरते!

पायांसाठी मात्र त्याच दुकानांचा उपयोग झाला. कारखान्यात वापरतात ते सेफ्टी शूज, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, साडेसहाशेला. आपल्या पायाचं चार-पाच नंबरचं माप मिळायला जरा हिंडावं लागतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: यांच्या पुढे लोखंडी टोपी असते, त्यामुळे बूट उंच होतो. गिअरच्या पट्टीखाली तो शिरतो का, हे गाडीवर बसून पाहूनच पैसे द्या. चपला, सँडल गाडीवर नकोतच. पाय टेकताना सटकतात, आणि पडल्यावर पहिल्या झटक्यात निघून जातात. शाळेत पोचल्यावर घालायची चप्पल मी पिशवीत ठेवते.

खास मोटारसायकलचं जाकीट चार-पाच हजारांच्या पुढे. ते मला परवडलं नाही, आणि तसं सांगायला मला कमीपणा वाटत नाही. माझं कॉलेजातलं जाड डेनिमचं जाकीट ट्रंकेत होतं, ते काढलं. खोटं सांगत नाही, जोरात घसरलं तर डेनिम फार वेळ टिकत नाही. पण शाळेच्या पातळ कुडत्यापेक्षा शतपट बरं. त्याच्या आत कोपराचे आणि सलवारीवर गुडघ्यांचे गार्ड, बाहेरून कडक कवच आणि आत मऊ गादी असलेले, चारही मिळून सातशे रुपये. पट्टे आवळूनही ते खाली घसरत असतील तर घेऊ नका. पडताना जागेवर नसलेला गार्ड काय कामाचा? पैसे साठले की पुढच्या भिशीतून जाकीट घ्यायचं ठरवलं आहे.

सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात शेवटी आठवते. ती म्हणजे दिसणं! रस्त्यावर काम करणारे घालतात तसं पोपटी रंगाचं, चमकत्या पट्ट्यांचं बिनबाह्यांचं जाकीट दीडशे रुपयांना मिळतं. साठ रुपयांची चमकती पट्टी आणली आणि हेल्मेटच्या मागे, गाडीच्या मागे चिकटवली. शिर्डीची वाहनं, मालट्रक, ट्रॅक्टर या सगळ्यांच्या गर्दीत संध्याकाळी परत येताना आपण समोरच्याला दिसणं ही अर्धी सुरक्षितता आहे. पावसाळ्यात रेनकोटही दोन तुकड्यांचा आणि भडक रंगाचा घ्या. वाऱ्याने फुगणारा घोंगडीवजा रेनकोट हँडलवर आला की संपलंच.

पदर, ओढणी आणि मागे बसणं

आता आपल्या बायकांच्या खास विषयाकडे येते. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी यजमानांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. पदर वाऱ्यावर सुटला, चाकात गेला, आणि काही कळायच्या आत त्या रस्त्यावर. गाडी तर बाजारातून हळूहळू चालली होती. वाचल्या, पण खांदा अजून वर जात नाही.

मागच्या चाकाला निम्मं तरी झाकेल असं संरक्षण, मागच्या माणसाला धरायला कडी आणि पाय ठेवायला पट्टी, हे गाडीला असायलाच हवं, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतच नियम आहे. पण "गाडी छान दिसत नाही" म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे नवरे आणि भाऊ घरोघरी आहेत. आमच्याकडेही तेच झालं होतं! साडेतीनशे रुपयांत तो परत बसवून घेतला. चालवताना मी ओढणी घेतच नाही. शाळेत गेल्यावर पिशवीतून काढते. मुख्याध्यापिकाबाईंनी मनाचा मोठेपणा दाखवून मला साडीऐवजी पंजाबी ड्रेसची परवानगी दिली. सासूबाई मागे बसतात तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचायचा, निऱ्या वर घ्यायच्या, कडी धरायची, आणि माझं जुनं-नवं काही नाही, त्यांच्या मापाचं हेल्मेट घालायचं.

मुलांचं विसरू नका. २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालासुद्धा. न घातल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना बाद, अशी त्यात तरतूद आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून आणखी नियम लागू झाले: मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, लहान हेल्मेट आणि ताशी चाळीस किलोमीटरच्या आतला वेग. मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाला घालणं म्हणजे मुलाच्या डोक्यावर पातेलं उपडं घालण्यासारखं आहे. आमची लेक चौथीत आहे. तिच्या मापाचं आठशेला मिळालं. तिने त्यावर फुलपाखराची चित्रं चिकटवली आणि आता मला सांगते, "आई, तुझा पट्टा लाव आधी!"

तीन महिन्यांचा हिशेब

एकदम एवढे पैसे कोणाकडे असतात? मी असा क्रम लावला:

पहिला महिना: माझं हेल्मेट १,१५०, लेकीचं ८००, साडीगार्ड ३५०. एकूण २,३०० रुपये.
दुसरा महिना: हातमोजे ४५०, बूट ६५०. एकूण १,१०० रुपये.
तिसरा महिना: कोपर-गुडघ्यांचे गार्ड ७००, पोपटी जाकीट १५०, चमकती पट्टी ६०. एकूण ९१० रुपये.

सगळे मिळून ४,३१० रुपये. सासूबाईंचं हेल्मेट त्यांनी आपल्या पैशांतून घेतलं, मला देऊ दिलं नाही. गावोगावी भावात फरक पडेल, पण क्रम तोच ठेवा: आधी डोकं, मग हात-पाय, मग बाकीचं. तिसरा महिना होईपर्यंत मी मोठ्या रस्त्यावर गाडी नेली नाही. कॉलनीत आणि सावेडीच्या आसपासच हात बसवला.

देखभालही घरचीच आहे. अस्तर निघत असेल तर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. काचेवर पाच मिनिटं ओलं फडकं ठेवा आणि मग पुसा. घासणीने ओरखडे पडतात. पेट्रोल, थिनर हेल्मेटला लावू नका, आतला थर खराब होतो. गाडीच्या आरशावर टांगूनही ठेवू नका. आतल्या थराला खड्डा पडतो.

आणि मग मी पडले

डिसेंबरात, ऐन हंगामात. मोठा रस्ता सोडून शाळेच्या वाटेला वळताना चाकांखाली चिरडलेल्या उसाचा चोथा आणि खडी पसरली होती. वेग पंधरा-वीसचा. पुढचं चाक सटकलं आणि मी डाव्या अंगावर. शेतातल्या दोघी बायका आणि एक मुलगा धावत आले, गाडी उचलली, पाणी दिलं.

घरी येऊन मी सगळं अंथरुणावर मांडून पाहिलं. उजव्या तळव्याचं चामडं फाटलं होतं. डाव्या गुडघ्याच्या गार्डवर खोल ओरखडे. जाकिटाचं कोपर उसवलं होतं. आणि हेल्मेटच्या हनुवटीजवळ बोटभर लांबीची चीर. माझ्या हनुवटीला काही नव्हतं. मांडीवर काळानिळा डाग आणि दोन दिवसांची लचक, एवढ्यावर निभावलं. सासूबाई ती चीर बोटाने चाचपत कितीतरी वेळ बसल्या होत्या.

एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, आतला थर दबलेला असतो. पुन्हा १,१५० रुपये! पोटात कळ आली, पण दिले. आणि जाता जाता सांगते: कोणी पडलेला दिसला आणि तो शुद्धीवर नसला, तर घाईने त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वास अडत नसेल तर तसंच राहू द्या आणि १०८ ला फोन करा.

संक्रांतीला गावी गेलो. चुलत सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, आत गेल्या आणि ते खुंटीवरचं हेल्मेट घेऊन आल्या. "तुला मोठं होतं म्हणालीस ना? घालू नको. पण शाळेत ने. पोरांना दाखव, आत काय असतं ते." विज्ञानाच्या सरांनी त्याचं अस्तर काढून आतला पांढरा थर मोकळा केला. आता ते आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर असतं. नववीची मुलं हातात घेऊन पाहतात. ते कोणाचं होतं, हे मी त्यांना सांगते. मग वर्गात कोणी हसत नाही.

आमचे हे? महामार्गावर घालतात, गावात मात्र अजून "इथल्या इथे तर जायचंय" म्हणतात. ही लढाई चालूच आहे. गेल्या आठवड्यात लेकीने यांचं हेल्मेट आणून गाडीच्या किल्लीला बांधून ठेवलं, तेव्हा निमूटपणे घातलं खरं!

तेव्हा मैत्रिणींनो, संसारात आपण सगळ्यांचं सगळं आधी घेतो आणि आपलं शेवटी, किंवा घेतच नाही. येत्या भाऊबीजेला भावाने "ताई, काय हवं?" विचारलं तर साडी मागू नका. टेपने डोक्याचं माप घ्या, कागदावर लिहून द्या आणि सांगा, या मापाचं, आय.एस.आय.ची खूण असलेलं हेल्मेट आण. आणि आणलं की ते खुंटीवर ठेवू नका.